मधोमध दिसलेली दीर्घिका

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत कुणाचं काय चाललंय ते लपत नाही. माझं मात्र लपून राहिलं होतं, कारण मी मोठ्यानं सांगूनही ते कुणाला कळत नव्हतं. "दीर्घिकेच्या पोटातलं कृष्णविवर आणि ती दीर्घिका एकमेकांच्या संगतीनं कशी वाढतात, त्याचा अभ्यास करतो," असं मी सांगायची. आमच्याकडं बायकाही 'करतो, जातो'च म्हणतात. पुण्यात लोक त्यावर हसले, तेव्हा मी त्यांना हसू दिलं. पेठेतला ऐकणारा जरा वेळ माझ्याकडं बघायचा आणि म्हणायचा, "म्हंजे अजून नोकरी न्हाय." तेही खोटं नव्हतं. मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवत होते. तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की हात हलवत घरी. कायम व्हायचं तर पीएच.डी. पाहिजे, आणि माझी पीएच.डी. काही केल्या संपत नव्हती. गल्लीतल्या एका पोरानं 'डॉक्टर कवा हुणार?' म्हणून विचारलं तेव्हा मी चिडून म्हटलं, तुझ्या लग्नाच्या आधी होईन बघ. त्याचं लग्न झालं, बारसंही झालं, मी आपली तिथंच.

घरात आण्णा, म्हणजे माझे वडील. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, आणि त्यांच्या मते त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, ऐन उमेदीत आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर. कोल्हापुरात तालमीला लाल मातीचा आखाडा असतो तसा फुटबॉलचा संघही असतो, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. आई त्या दिवसांत धाकटीच्या बाळंतपणाला सांगलीला गेली होती. घरात आम्ही दोघंच, त्यामुळं जेवताना बोलायला विषय कमी पडायचे. एकदा आमटी वाढता वाढता मी माझं सगळं काम त्यांना तालमीवरून समजावून सांगितलं.

मी म्हटलं, आण्णा, तालीम मोठी कुणी केली? पेठेनं. पोरं पेठेची, दूध पेठेचं, वर्गणी पेठेची. आणि पेठेचं नाव गावभर कुणामुळं झालं? तालमीमुळं. दोघी एकाच खुराकावर वाढल्या. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची पेठ, आणि तिच्या मधोमध बसलेलं कृष्णविवर म्हणजे तालीम. खुराक म्हणजे वायू. त्याच वायूतून नवे तारे जन्माला येतात, आणि त्यातलाच थोडा घसरत घसरत कृष्णविवराकडं जातो. आत पडण्याआधी तो गरगर फिरतो, असा तापतो की सगळ्या दीर्घिकेच्या उजेडापेक्षा त्या एवढ्याशा जागेचा उजेड जास्त होतो. कधी कधी तर तिथून दोन बाजूंना दोन झोत सुटतात, ते पार दीर्घिकेच्या बाहेर जाऊन फुग्यासारखे फुगतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, रेडिओ दुर्बिणीला दिसतात.

आण्णांनी विचारलं, मग त्यात बिघडलं काय? मी म्हटलं, मॅचला राडा झाल्यावर पेठेत काय होतं? दुकानं बंद, पोलिसांचा बंदोबस्त, लग्नाची वरातसुद्धा दुसऱ्या गल्लीनं. तसंच तिथं. झोतांनी आजूबाजूचा वायू तापतो, विस्कटतो, बाहेर ढकलला जातो. तापलेल्या वायूतून तारे होत नाहीत. पेठ थंड पडते, आणि पेठ थंड पडली की वर्गणी बंद, म्हणजे तालीमही उपाशी. मग केव्हातरी वायू निवतो, परत खाली उतरतो, परत खुराक सुरू. असं हे अब्जावधी वर्षं चाललंय. आण्णांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला आणि म्हणाले, "म्हंजे तुझं कृष्णविवर आमच्या तालमीगतच हाय की." त्या दिवसापासून ते स्वतःला या विषयातले जाणकार समजायला लागले.

आता माझ्या दीर्घिकेकडं येते. रेडिओ दुर्बिणीच्या जुन्या नोंदींमध्ये मला आकाशाच्या एका कोपऱ्यात दोन प्रचंड फुगे सापडले. एक वर, एक खाली. हे फुगे कुठल्या दीर्घिकेनं सोडले ते बघायला साध्या प्रकाशातलं चित्र काढलं, तर दोन्हींच्या बरोबर मध्ये एक निळी, सर्पिल, देखणी दीर्घिका. निळी म्हणजे तरुण. तिच्यात धडाधड नवे तारे जन्माला येत होते. मी खुर्चीतून उठलेच. इतके मोठे झोत सोडणाऱ्या दीर्घिका बहुतेक लाल, म्हाताऱ्या, वांझ असतात. ही म्हणजे राडा ऐन रंगात आणि पेठ दिवाळीच्या खरेदीत दंग. असलं काही खरं निघालं, तर झोतांनी ताऱ्यांचा जन्म थांबतो या समजुतीला चांगलाच धक्का होता.

माझे मार्गदर्शक, त्यांना मी नुसतं सर म्हणते, फार कमी बोलणारे. त्यांनी चित्र बघितलं, आनंद झाला तो चेहऱ्यावर दिसला, आणि एकच विचारलं, की मधला ठिपका कुठं आहे? झोत जिथून निघतात त्या जागी, दीर्घिकेच्या ऐन केंद्रात, रेडिओ चित्रात एक बारीक ठिपका दिसायला हवा. तो दिसला म्हणजे घर सापडलं. माझं चित्र धूसर होतं, त्यात ठिपका नव्हता. मी म्हटलं, फिका असणार सर, पण दीर्घिका तर बरोबर मधोमध आहे, दुसरं कोण असणार? सर म्हणाले, लिही. त्या वर्षअखेरीला सर निवृत्त होणार होते आणि विद्यापीठानं मला दिलेली मुदतवाढ शेवटची होती. प्रबंधातली बाकीची प्रकरणं नीटनेटकी पण साधी. सगळा जोर या एका दीर्घिकेवर. ती टिकली तर मी टिकले, नाहीतर इतक्या वर्षांवर पाणी.

शोधनिबंध लिहून पाठवला, आणि पुण्यात एका परिषदेत त्यावर बोलले. बोलणं झालं, चांगल्या चांगल्या माणसांनी थांबवून विचारपूस केली. त्या भरात मी आण्णांना फोन केला. आण्णांना फोनवर सांगणं आणि तालमीच्या भोंग्यावर सांगणं यात फरक एवढाच, की भोंगा अधूनमधून बिघडतो.

दुसऱ्या दिवशी मी कोल्हापुरात उतरले, तर पेठेच्या तोंडाशी फ्लेक्स. आमच्याकडं कुणाचा बैल शर्यतीत आला, कुणाचं पोरगं दहावी सुटलं, कुणी नवा ट्रॅक्टर घेतला, की फ्लेक्स लागतो. तसाच हाही, दोन विजेच्या खांबांच्या मध्ये ताणून बांधलेला. वर लिहिलेलं, 'कृष्णविवराचा शोध लावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. मागं कुठल्या तरी भलत्याच दीर्घिकेचं चित्र, इंटरनेटवरून उचललेलं. त्यासमोर मधोमध, पोटापासून वर, हात जोडून, गॉगल लावून तालमीचे अध्यक्ष. खाली दोन रांगांत शुभेच्छुकांचे चेहरे, त्यातले निम्मे मला ओळखतही नव्हते. आणि पार खाली, डाव्या कोपऱ्यात, फ्लेक्स छापणाऱ्याच्या फोन नंबरशेजारी मी. परीक्षेच्या अर्जावरचा फोटो, कान दिसावेत म्हणून केस मागं बांधलेले. रविवारी संध्याकाळी तालमीत जाहीर सत्कार, असंही खाली होतं. माझं डोकं सणकलं. आण्णांना म्हटलं, निबंध अजून मान्यसुद्धा झाला नाही, सत्कार कसला? आण्णा म्हणाले, मान्य होईल तेव्हा होईल, मांडव सांगून झालाय.

त्याच आठवड्यात निबंध तपासणाऱ्या परीक्षकाचा शेरा आला. गोडगोड चार वाक्यं, आणि मग पाचवं असं, की ही निळी दीर्घिकाच या झोतांची यजमान, म्हणजे मूळ घर, आहे हे लेखिकेनं कशावरून ठरवलं? मला असा राग आला म्हणून सांगू. मधोमध आहे, तेजस्वी आहे, आसपास दुसरं कुणी नाही, आणखी काय कपाळ पाहिजे याला? मी तावातावानं उत्तर लिहायला घेतलं, आणि ते इतकं तिखट झालं की पाठवण्याआधी थोडं निवू दे म्हणून तसंच ठेवून दिलं.

शनिवारी दुपारी गडहिंग्लजच्या एसटीनं आत्ती आली. आत्ती म्हणजे आण्णांची थोरली बहीण. सत्काराला म्हणून आली, पण मोकळ्या हातानं यायची नाही, मिरच्यांची पिशवी आणि चटणीचा डबा बरोबर. आली ती कौतुकानं भरलेलीच. जेवायला बसल्या बसल्या म्हणाली, पेठेच्या तोंडाला त्या शास्त्रज्ञाला भेटून आले. मी विचारलं, कुठला शास्त्रज्ञ? तर फ्लेक्सखाली चहाच्या गाडीपाशी अध्यक्ष उभे होते. आत्तीनं चेहरा ओळखला, पुढं होऊन त्यांचे हात हातात घेतले, आणि त्यांनी लावलेल्या शोधाबद्दल अभिनंदन केलं. अध्यक्षांना कशाबद्दलही अभिनंदन घ्यायची सवय. त्यांनी हात जोडून सांगितलं, सगळा तुमच्यासारख्यांचा आशीर्वाद.

मी हसून हसून भिंतीला टेकले. आण्णांना ठसका लागला. आत्तीला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसेना. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मला विचारलं, "मग तू कुटं हाईस गं त्यात?"

"खाली कोपऱ्यात."

"काम तुझं आणि त्यो गडी मधी का?"

"मोठा हाय, म्हणून मधी," मी म्हणाले, आणि तोंडातलं वाक्य संपायच्या आत माझं हसू गेलं.

मी काय केलं होतं? मोठी होती, उजळ होती, मधोमध होती, म्हणून मी त्या निळ्या दीर्घिकेच्या गळ्यात दोन फुगे बांधून टाकले होते. लांबून फ्लेक्स बघणाऱ्या आत्तीत आणि माझ्यात फरक काय होता? तिला निदान कुणी पीएच.डी. द्यायला निघालं नव्हतं. मी ताटावरून उठले. आण्णा ओरडले, भात राहिलाय. मी लॅपटॉप उघडून बसले.

रेडिओ दुर्बिणींच्या नोंदी जगाला खुल्या असतात, शोधणाऱ्याला चिकाटी पाहिजे. त्या जागेचं एक जुनं, पण माझ्याकडच्यापेक्षा बरंच रेखीव चित्र दुसऱ्या एका दुर्बिणीनं घेतलेलं निघालं. आत्ती शेजारी बसून लसूण सोलत होती आणि मध्येच, झालं का म्हणून विचारत होती. चित्र उघडलं. दोन फुगे होते तसेच. आणि त्यांच्या मध्ये, नीट मधोमध नव्हे तर जरा खाली सरकून, एक बारीक टोकदार ठिपका. तो निळीवर नव्हता. मी साध्या प्रकाशातलं चित्र त्यावर ठेवलं. ठिपक्याखाली एक तांबूस डाग होता, इतका फिका की पूर्वी तो मी नजरेआड केला होता. मी लॅपटॉप मिटला आणि परत उघडला. ठिपका तिथंच.

संध्याकाळपर्यंत सगळं जुळवून झालं. तो डाग म्हणजे एक मोठी, लाल, म्हातारी दीर्घिका, पण फार लांबची, म्हणून बारकी दिसणारी. तिच्या एका बाजूला आसपासचा वायू दाट, त्यामुळं तिकडचा फुगा आखडलेला आणि दुसरा मोकळा पसरलेला. म्हणून दोन फुग्यांची मधली जागा ही खरी मधली जागा नव्हतीच. निळी बिचारी कितीतरी अलीकडची, आमच्या आणि त्या भांडणाच्या मध्ये सहज उभी राहिलेली. आणि लाल दीर्घिका अगदी नियमाबरहुकूम वागत होती. झोत जोरात, वायू तापलेला, नवा तारा एक नाही. म्हणजे माझ्या शोधात शोध असा काही उरलाच नव्हता. मला रडू आलं. आत्तीनं लसणाचे हात तसेच माझ्या डोक्यावरून फिरवले, मग आणखी रडू आलं, त्यातलं थोडं लसणाचं.

सरांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, बरं झालं. मी कावले. म्हटलं, बरं काय झालं सर, प्रकरण गेलं, मुदत संपत आली. ते म्हणाले, छापून यायच्या आधी कळलं हे बरं झालं. निबंध मागं घे. आणि आता ज्या ज्या झोतांना तू घर नेमून दिलंयस, ते सगळे याच रेखीव चित्रांवर पुन्हा तपास. रडत बसली नाहीस तर वेळ पुरेल. सरांच्या तोंडून मी ऐकलेलं ते सगळ्यात लांब भाषण.

आण्णांना सांगणं त्याहून अवघड गेलं. ते गॅलरीत पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पेपरची घडी घातली, मोडली, परत घातली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "उद्याचं तेवढं हूं दे. कुणाला काय कळतंय? मागनं बघू काय ते." खुर्च्या आल्यात, सांगलीहून तुझ्या आईनं पेढे धाडलेत, मी सगळ्या पेठेला माझ्या तोंडानं सांगून आलोय, असंही म्हणाले. माझे आण्णा कुणापुढं वाकणारे नव्हेत. त्या दिवशी ते मला विनवत होते. मी त्यांना हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

रविवारी तालीम भरून वाहत होती. बायका भिंतीला, पोरं खिडकीत, पुढच्या रांगेत आण्णांच्या वेळचा सगळा फुटबॉल संघ, प्रत्येकाचा एकतरी गुडघा कामातून गेलेला. अध्यक्षांनी भाषण केलं. त्यांच्या भाषणात कृष्णविवर दोन-तीनदा मंगळावर जाऊन आलं. मग मला बोलायला सांगितलं. हातात माईक आला आणि मी आण्णांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते, आपल्या चपलेकडं बघत होते. या माणसानं वर्कशॉपच्या ग्रीसनं काळ्या झालेल्या हातांनी मला दुर्बिणीचं पहिलं पुस्तक आणून दिलं होतं. त्यांचा मान राखावा असं फार वाटलं, जीव तुटत होता. पण खोट्या शोधाची शाल मी खांद्यावर घेतली असती, तर नंतर त्यांच्याशीच नीट बोलता आलं नसतं.

"मी चुकलो," मी म्हणाले. "कृष्णविवर खरं हाय, पण त्याचं घर मी शेजारचं सांगितलं. जे नवीन म्हणून तुम्ही मला बोलावलंय, ते तसं न्हाय."

अध्यक्षांनी गॉगल काढला. मग त्यांनी विचारलं, म्हणजे आता सत्कार करायचा का नाही? तेवढ्यात पुढच्या रांगेतला आण्णांच्या संघातला जुना सेंटर फॉरवर्ड गुडघा धरून उभा राहिला. म्हणाला, "हाताला लागून झालेला गोल आपून हून सांगणारा खेळाडू ह्या तालमीत आजपातूर झाला न्हाय. मी तर सांगितला नसताच." तालीम खदखदून हसली. मग ठरलं, की फेटे बांधणारा आलाय, त्याला तसा कसा घालवायचा. फेटा बांधला, नारळ दिला, शाल मात्र अध्यक्षांनी घडी घालून परत पिशवीत ठेवली आणि मला सांगितलं, डॉक्टर झाल्यावर घेऊन जा. आत्तीनं शिट्टी मारली असं पोरं सांगतात, ती नाकबूल करते. आण्णा हसले नाहीत. पेढे वाटायच्या आधीच उठून गेले.

घरी आले तर आण्णांचा अबोला. भाकरी वाढली की खायचे, पाणी दिलं की प्यायचे, शब्द नाही. आत्ती गडहिंग्लजला जाताना त्यांना चांगलं ऐकवून गेली, तरी ढिम्म. मी आपली सरांनी सांगितलेल्या कामाला लागले. सकाळी कॉलेजचे तास, दुपारपासून चित्रं. एकेक झोत घ्यायचा, ठिपका शोधायचा, घर ताडून बघायचं. आणि गंमत अशी, की आणखी काही घरं चुकलेली निघाली. माझ्या यादीत जे जे नियम मोडणारे वाटत होते, त्यातले बरेचसे नियम मोडतच नव्हते, मीच त्यांना दुसऱ्याच्या दारात नेऊन उभं केलं होतं. घरं दुरुस्त केली तशी सगळी आकृती स्वच्छ होत गेली. जिथं झोत जोरात, तिथं ताऱ्यांचा जन्म थंड. जुनीच गोष्ट, पण आता माझ्या आकड्यांतून ती आधीपेक्षा ठसठशीत दिसत होती. मला हुरूप आला. जेवणाच्या टेबलावर चित्रांचे कागद पसरायला लागले.

एका दुपारी आण्णा चहा घेऊन आले. कप ठेवला आणि तसेच उभे राहिले. मग कागदांकडं हात करून म्हणाले, दाव बघू कुठली ती. मी निळी दाखवली, लाल दाखवली, ठिपका दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, कागद खिडकीशी नेला, परत आणला. निळी देखणी हाय की, एवढंच म्हणाले. मी म्हटलं, व्हय, पण तिचा यात काही संबंध न्हाय. तिच्या पोटातही एक कृष्णविवर असेल, पण सध्या खुराक कमी असल्यानं गप्प पडलंय, म्हणून तारे सुखानं जन्माला येतायत. आण्णांनी मान हलवली. नंतर ते रोज चहा आणायला लागले आणि रोज एक तरी कागद खिडकीशी न्यायला लागले. सत्काराचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही.

मुदतीत प्रबंध दिला. तोंडी परीक्षा विद्यापीठात, सगळ्यांना खुली, आणि सगळी इंग्रजीत. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई पुण्याच्या, या विषयातल्या मोठ्या, आणि सोडत नाहीत म्हणून प्रसिद्ध. त्यांनी नाही म्हटलं की संपलं. सरांची निवृत्ती तोंडावर होती. मी पेठेत कुणालाही बोलावलं नव्हतं, तरी बोलायला उभी राहिले तेव्हा मागचं दार उघडून अध्यक्ष, सेंटर फॉरवर्ड आणि आण्णा आत आले. रिकाम्या खुर्च्या नेमक्या परीक्षक बाईंच्या मागच्याच होत्या.

मी बोलत राहिले. बाईंचा चेहरा हलत नव्हता. पडद्यावर ते चित्र आलं, दोन फुगे, मध्ये निळी, खाली तांबूस डाग. बाईंनी हात वर केला. मला कळलं, आता हेच विचारणार. त्या तोंड उघडतात तोच त्यांच्या पाठीमागून आवाज आला. आण्णांना वाटतं ते कुजबुजतात. गोलवरून सगळ्या मैदानाला ओरडून सूचना देण्यात उभी हयात गेलेल्या माणसाला कुजबुजता येत नाही. ते अध्यक्षांना सांगत होते, "ती मधली न्हवं. मोठी दिसती म्हणून फसायचं न्हाय. खाली ती बारकी तांबडी हाय बघा, झोत तिचं हाईत. मधलीचा काय संबंध न्हाय."

हॉलमध्ये सगळ्यांनी ऐकलं. सरांनी कपाळाला हात लावला. माझ्या हातातला रिमोट खाली पडला. बाई सावकाश मागं वळल्या आणि त्यांनी शुद्ध मराठीत विचारलं, की मी हाच प्रश्न विचारणार होते, तुम्हाला हे कसं कळलं?

आण्णा उठून उभे राहिले. टोपी हातात घेतली.

"माझी पोरगी हाय ती," ते म्हणाले. "आधी चुकलीती. मग तिनंच सांगितलं, भर तालमीत, सगळ्यांच्या म्होरं. मी नगो म्हणत हुतो, तरी सांगितलं."

बाई पुढं वळल्या, पेनचं टोपण लावलं, आणि इंग्रजीत म्हणाल्या की त्यांना आता काही विचारायचं नाही. निकाल जाहीर करायला सर उठले. आण्णा अजून उभेच होते, टोपी हातात धरून, सगळ्या सभेला दिसेल असे माझ्याकडं बघत.